वेलास्केझच्या ‘सूत कातणाऱ्या’ चित्रात अरॅक्नीची गोष्ट कुठे आहे?

प्रश्न चित्रकला शिकणाऱ्या एका मुलाचा आहे. सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार दिएगो वेलास्केझ याचं ‘लास इलान्देरास’, म्हणजे ‘सूत कातणाऱ्या’, हे चित्र त्याला वर्गात ‘अरॅक्नीची कथा’ म्हणून दाखवलं. त्याला दिसतं ते असं: समोर पाच बाया लोकरीचं काम करताहेत, पायाशी मांजर आहे. यात ग्रीक पुराण कुठे आलं? मधल्या बाईला धड चेहराही नाही, मग चित्र अर्धवट राहिलंय का? आणि तैलरंग शिकायला याची नक्कल करावी का?

मी तैलरंगात काम करते आणि शिकवतेही, त्यामुळे माझं उत्तर रंगवणाऱ्या माणसाच्या बाजूने येईल. तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे असं मला वाटतं. वेलास्केझने इथे पुराणातला प्रसंग मागे ठेवला आणि काम पुढे आणलं. का, ते समजलं की उरलेलं आपोआप उलगडतं.

आधी कथा सांगते, कारण ती नीट माहीत नसेल तर चित्र वाचता येत नाही. कथा ग्रीक, पण युरोपातल्या चित्रकारांपर्यंत ती पोचली रोमन कवी ओव्हिडमुळे, त्याच्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या सहाव्या सर्गातून. अरॅक्नी लिडियातली, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातली. बाप रंगारी, लोकर जांभळ्या रंगात बुडवून देणारा. घराणं नाही, पैसा नाही, पण विणकामात तिचा हात असा की आसपासच्या वनदेवता आपले मळे आणि नदीकाठ सोडून तिच्याकडे बघत बसायच्या. लोक म्हणाले, ही विणकामाची देवी अथीना हिची शिष्या असणार. अरॅक्नीने ते साफ नाकारलं आणि देवीलाच स्पर्धेचं आव्हान दिलं. अथीना म्हातारीचं रूप घेऊन आली, समजुतीचे चार शब्द बोलली. पोरगी ऐकेना, तेव्हा देवी मूळ रूपात प्रकटली आणि दोन माग लागले. देवीने विणला देवांचा मोठेपणा, चारही कोपऱ्यांत त्यांच्याशी बरोबरी करू गेलेल्या माणसांना झालेल्या शिक्षा. अरॅक्नीने विणले देवांचे अपराध, आणि त्यातला पहिला प्रसंग म्हणजे बैलाचं रूप घेऊन युरोपा नावाच्या राजकन्येला पळवणारा देवांचा राजा झ्यूस. काम इतकं बिनचूक होतं की खुद्द अथीनेला त्यात खोट काढता येईना. मग तिने ते कापड फाडलं आणि हातातला धोटा अरॅक्नीच्या कपाळावर मारला. अरॅक्नीने गळफास घेतला, तेव्हा देवीने तिला कोळी करून टाकलं. जीव राहिला, पण कायम लटकत आणि विणत.

आता चित्राकडे या. पुढच्या बायांना थोडा वेळ विसरा आणि मागच्या उजळलेल्या खोलीत बघा. दोन पायऱ्या चढून जावं अशी ती जागा आहे, एखाद्या छोट्या रंगमंचासारखी, आणि डावीकडून तिच्यात उजेड ओतलाय. तिथे शिरस्त्राण घातलेली एक आकृती हात उगारून उभी आहे. ती अथीना. तिच्यासमोर उभी आहे ती अरॅक्नी. भोवती वेलास्केझच्या काळातल्या पोशाखातल्या तीन स्त्रिया आहेत आणि त्यातली एक मान वळवून थेट आपल्याकडे बघते. या सगळ्यांच्या मागे भिंतभर विणलेला पडदा, टॅपेस्ट्री. त्यात आकाशात उडणारी बालकं दिसतात आणि बैलाच्या पाठीवरची युरोपा दिसते. म्हणजे अरॅक्नीने विणलेलं कापड समोरच आहे आणि देवीचा हात वर गेलाय. धोटा कपाळावर बसण्याच्या आधीचा हा क्षण आहे. कोळी कुठेच नाही.

हे ओळखायला कला-अभ्यासकांनाही बराच काळ लागला, म्हणून तुम्हाला पहिल्या नजरेत ते दिसलं नाही यात काहीच वावगं नाही. अठराव्या शतकात चित्र राजसंग्रहात आलं तोपर्यंत कथा विसरली गेली होती. माद्रिदमधल्या सांता इसाबेलच्या टॅपेस्ट्री कारखान्यातलं हे दृश्य आहे असं लोक धरून चालले, आणि एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांनी तर त्याच्यावर प्रेम केलं ते रोजच्या कामाचं खरंखुरं चित्र म्हणून. १९०३ मध्ये चार्ल्स रिकेट्सने मागच्या पडद्यावरचं चित्र सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार टिशियन याच्या ‘युरोपा’वरून घेतलंय हे दाखवलं. १९४० च्या दशकात एन्रिकेता हॅरिस आणि दिएगो अंगुलो यांनी अथीना आणि अरॅक्नी यांची ओळख पटवली. १९४८ मध्ये मारिया लुइसा कातुर्ला यांना १६६४ सालची एक यादी सापडली. राजदरबारातल्या पेद्रो दे आर्से या माणसाच्या मालमत्तेच्या त्या यादीत वेलास्केझच्या एका चित्राची नोंद ‘अरॅक्नीची कथा’ अशीच होती. वेलास्केझ वारला १६६० मध्ये. म्हणजे अवघ्या चार वर्षांनंतरच्या कागदावर विषय स्पष्ट लिहिलेला आहे.

आता टिशियनबद्दल. त्याने ‘युरोपा’ रंगवलं ते स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी, १५६२ च्या सुमारास पुरं केलं. ते माद्रिदच्या राजवाड्यात होतं. १६२८-२९ मध्ये फ्लेमिश चित्रकार रुबेन्स माद्रिदला आला तेव्हा त्याने तिथे बसून त्याची पूर्ण आकाराची नक्कल केली. पन्नाशीतला, युरोपभर नावाजलेला रुबेन्स एका दिवंगत चित्रकाराची नक्कल करत बसलाय, आणि वेलास्केझ तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावरचा दरबारी चित्रकार. दोघांची त्या काळात चांगली ओळख झाली होती. पुढे टिशियनचं मूळ चित्र स्पेनबाहेर गेलं आणि १८९६ पासून ते बॉस्टनमध्ये इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर यांच्या संग्रहात आहे. रुबेन्सची नक्कल मात्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातच आहे, ‘सूत कातणाऱ्या’ जिथे आहेत तिथेच. माद्रिदला जाणं झालं तर दोन्ही एका दिवशी बघा. तिसरा धागाही आहे. वेलास्केझच्या १६५६ च्या ‘लास मेनिनास’मध्ये मागच्या अंधाऱ्या भिंतीवर दोन मोठी चित्रं टांगलेली दिसतात. त्यातलं एक म्हणजे अथीना अरॅक्नीला शिक्षा करते ते रुबेन्सचं चित्र, वेलास्केझचा जावई माझो याने केलेल्या नकलेच्या रूपात. रुबेन्सच्या त्या चित्राचं छोटं तैलरेखन आज अमेरिकेत रिचमंडला आहे. त्यात देवी त्वेषाने मारते आहे आणि अरॅक्नी खाली कोसळली आहे. वेलास्केझच्या डोळ्यांसमोर हा नमुना होता आणि तरी त्याने तो मार रंगवला नाही.

मग त्याने पुढे काय ठेवलं? डावीकडे चरख्यावर बसलेली म्हातारी आहे, डोक्याला पांढरं फडकं, आणि तिचा एक पाय पोटरीपर्यंत उघडा. तो पाय नीट बघा. तो म्हातारीचा नाही, तरण्या बाईचा आहे. वेष पालटून आलेली अथीना ती हीच, असं मानणारे अभ्यासक याच पायाकडे बोट दाखवतात. उजवीकडे पाठमोरी तरुणी आहे, पांढऱ्या सदऱ्यात, फाळक्यावरून सूत उतरवून घेणारी. ती अरॅक्नी. म्हणजे कथेचा पहिला भाग पुढे आणि शेवटचा मागे, एकाच कॅनव्हासवर. काही अभ्यासकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते पुढच्या बाया साध्या कामकरी आहेत आणि पुराण फक्त मागच्या खोलीत आहे. मी पहिल्या बाजूची आहे, पण माझं कारण पायापेक्षा वेगळं आहे.

ओव्हिडने अरॅक्नीची ओळख करून देताना एक गोष्ट सांगितली आहे. वनदेवता यायच्या त्या तयार कापड बघायला म्हणून नव्हे, तर ते होत असताना बघायला. मग तो ती कामं एकामागून एक मोजतो: कच्च्या लोकरीचे गोळे करणं, बोटांनी ती मोकळी करत ढगासारखी मऊ करणं, अंगठ्याने चाती फिरवणं, सुईने भरणं. आता चित्राचा पुढचा भाग पुन्हा बघा. मधली वाकलेली बाई लोकर विंचरते आहे, म्हातारी कातते आहे, तरुणी सूत गुंडाळते आहे, बाकीच्या दोघी हाताखाली आहेत: एक लाल पडदा सारतेय, दुसरी उजवीकडून टोपली घेऊन येतेय. ओव्हिडचा तो परिच्छेदच जणू पुढे मांडलाय. वेलास्केझच्या मृत्यूनंतर त्याच्या पुस्तकांची यादी झाली त्यात ‘मेटामॉर्फोसिस’ होतंच. ओव्हिडची अरॅक्नी चातीवर कातते आणि वेलास्केझने चरखा दिलाय, कारण ग्रीक-रोमन काळात चरखा नव्हता आणि त्याच्या माद्रिदमध्ये होता. पण कामांचा क्रम आणि ते बघण्यातला आनंद त्याने कवीकडून घेतला, अशी माझी खात्री आहे. म्हणून काम पुढे, मोठं, आपल्या हाताशी. निकाल मागे, लहान आकारात.

टॅपेस्ट्रीबद्दल एक तांत्रिक गोष्ट, कारण ती आपल्याकडच्या वाचकाला लवकर कळेल. टॅपेस्ट्रीत आडवा धागा कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. जिथवर त्याचा रंग हवा तिथवर जाऊन तो परत फिरतो आणि शेजारचा रंग दुसऱ्या कांडीवरून येतो. पैठणीच्या पदरातले मोर आणि वेली याच रीतीने विणतात. म्हणजे चित्र कापडावर काढलेलं नसतं, कापड आणि चित्र एकदमच तयार होतं. चित्रकाराने या कामाकडे आदराने बघितलं यात नवल नाही.

या चित्राचा एक अर्थ नेहमी सांगितला जातो: पुढे हातांची कष्टाची कामं, मागे उच्च कला, आणि चित्रकाराला सांगायचंय की चित्रकला ही कारागिरी नसून विद्या आहे. यामागे खरा इतिहास आहे. सतराव्या शतकातल्या स्पेनमध्ये चित्रकारांना सुतार-लोहारांसारखा विक्रीकर भरावा लागू नये म्हणून खटले चालले. खुद्द वेलास्केझला सांतियागोच्या सरदारमंडळात जायचं होतं. त्यासाठी त्याने कधी पोटासाठी चित्रं विकली नाहीत अशी साक्ष सहकारी चित्रकारांना द्यावी लागली, झुर्बारान आणि आलोन्सो कानो हे त्यांतले. १६५९ च्या अखेरीस त्याला तो मान मिळाला. चित्राचा काळ १६५५ ते १६६० च्या दरम्यानचा धरतात, म्हणजे हे सगळं घडत होतं तेव्हाचाच. तरीही हा अर्थ मला अपुरा वाटतो. हातकाम कमी लेखायचं असतं तर त्याने ते कोपऱ्यात ढकललं असतं. इथे सूत गुंडाळणाऱ्या पोरीची मान, खांदा आणि लांब केलेला हात ही अख्ख्या चित्रातली सर्वांत सुंदर रंगवलेली जागा आहे. या पोरीच्या आणि चरख्यावरच्या म्हातारीच्या बसण्याची ढब मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलच्या छतावर रंगवलेल्या नग्न तरुणांवरून घेतली आहे, हे अंगुलो यांनी दाखवून दिलं. रोमच्या छतावरचं सौष्ठव त्याने कामकरी बायांना दिलं. याहून मोठा मान चित्रकार दुसरा कुठला देणार?

आता दुसरा प्रश्न: अर्धवट राहिलंय का? नाही. चरख्याचं चाक बघा. त्याला आरे नाहीत. कडेची दोन-चार उजळ वळणं आहेत, आत पातळ, धूसर करडा रंग आहे आणि त्यातून पलीकडचं दिसतं. चाक थांबलेलं असतं तर आरे दिसले असते. ते फिरतंय म्हणून दिसत नाहीत, आणि डोळ्याला जे दिसतं तेच त्याने ठेवलं. वेलास्केझच्या आधीच्या चित्रकारांनी काढलेली चाकं आठवा, गाडी कितीही धावत असली तरी आरे मोजून घ्यावेत असे रंगवलेले. काळ चित्रात आणायचा कसा हा बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या नाट्यमय शैलीच्या, चित्रकारांना पछाडणारा प्रश्न होता. बहुतेकांनी तो मुरडलेल्या शरीरांनी आणि उडणाऱ्या वस्त्रांनी सोडवला. वेलास्केझने तो एका चाकात, जवळजवळ काहीच न रंगवता सोडवला.

मधल्या बाईचंही तसंच. ती उजळ खोलीच्या अलीकडे, सावलीत वाकलेली आहे. तुम्ही स्वतः खिडकीकडे तोंड करून बसा आणि खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा बघा. नाक-डोळे पुसले जातात. वेलास्केझला तिथे चेहरा काढता येत नव्हता असं नाही, तिथे चेहरा दिसत नव्हता. शिवाय रचनेचाही हिशेब आहे. ती बाई बरोबर मध्यावर, मागच्या खोलीच्या वाटेत आहे. तिचा चेहरा टोकदार झाला असता तर नजर तिथेच अडकली असती आणि मागे अथीनेपर्यंत पोचलीच नसती.

मागच्या खोलीत तर आकृत्या आणि पडदा यांच्यातल्या कडा जवळजवळ विरघळल्या आहेत. अरॅक्नी जमिनीवर उभी आहे की विणलेल्या कापडातलीच एक आहे, हे सांगणं कठीण व्हावं इतक्या. हे जाणूनबुजून केलेलं आहे. माणसं, कापड आणि टिशियनचं चित्र तिघंही एका रंगात न्हायली आहेत. १७७६ मध्ये मेंग्ज या चित्रकाराने या चित्राविषयी लिहिलं की यात हाताचा भागच नसावा, केवळ इच्छेनेच हे रंगवलं असावं असं वाटतं. मेंग्ज स्वतः अत्यंत गुळगुळीत, काटेकोर रंगवणारा माणूस होता. त्याच्याकडून आलेली ही दाद म्हणून जास्त मोलाची.

हे साधलं कसं, तेही थोडं सांगते. उतारवयातल्या वेलास्केझचं अस्तर, म्हणजे कॅनव्हासवरचा पहिला थर, फिकट असायचं आणि रंग पातळ. कॅनव्हासची वीण बऱ्याच ठिकाणी रंगातून दिसते. रंगांची संख्या थोडीच: शिशाचा सफेदा, गेरू आणि पिवळी माती, हिंगूळ, लाखेसारखे पारदर्शक तांबडे, एखादा निळा, काळा. पातळ थर आणखी पारदर्शक व्हावेत म्हणून तो रंगात चुनखडीची बारीक भुकटी मिसळायचा, हे प्रयोगशाळेतल्या तपासण्यांतून दिसलं आहे. जाड रंग फक्त जिथे उजेड आदळतो तिथे: सदऱ्याच्या चुणीवर, खांद्याच्या टोकाला. तो लांब दांड्याचे ब्रश वापरायचा असं त्याचा चरित्रकार पालोमिनो याने १७२४ मध्ये लिहून ठेवलंय. लांब दांडी म्हणजे कॅनव्हासपासून अंतर, आणि त्या अंतरावरून फटकारा जसा दिसतो तसाच तो मारला जातो. प्रादोमध्ये चित्राच्या जवळ गेलं की त्या तरुणीच्या पुढे केलेल्या हाताचा पंजा नुसत्या तीन-चार फिक्या ओघळांचा होतो, बोटं सुटी दिसत नाहीत. मागे सरकलं की तोच पंजा सूत ओढू लागतो.

छापील चित्र वापरणार असाल तर एक काळजी घ्या. अठराव्या शतकात कोणीतरी या कॅनव्हासला वर मोठी पट्टी आणि दोन्ही बाजूंना छोट्या पट्ट्या जोडल्या. वरची कमान आणि गोल खिडकी त्यातली, वेलास्केझची नव्हेत. मूळ चित्र साधारण १६७ बाय २५२ सेंटिमीटर, जोड धरून ते २२० बाय २९० च्या आसपास जातं. जोडामुळे मागची खोली दूर गेल्यासारखी वाटते आणि बाया लहान होतात. २०२१ मध्ये प्रादोने नवी चौकट केली आणि हा जोड तिच्यामागे झाकला. जुन्या पुस्तकांतलं चित्र बघताना वरच्या भागावर कागद ठेवा. बाया एकदम पुढे येतात आणि मागची खोली त्यांच्या डोक्यापाशी येऊन भिडते.

राहिला नकलेचा प्रश्न. करा, पण सगळ्या चित्राची नको. पहिल्यांदा फक्त उजवीकडची पाठमोरी तरुणी घ्या, कंबरेपासून वर. आधी करड्या-तपकिरी एकाच रंगात उजेड आणि सावलीचे मोठे भाग बसवा, ते सुकू द्या. मग सदरा पातळ रंगात, आणि शेवटी चुणीवरचा सफेदा एकाच फटकाऱ्यात, पुन्हा हात न लावता. फटकारा चुकला तर फडक्याने पुसा आणि परत मारा, त्यावर गिरवत बसू नका. गिरवलं की सदरा मरतो. चाक सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी एक खरं फिरणारं चाक बराच वेळ बघा: उलटी ठेवून हाताने फिरवलेली सायकल चालेल. आरे कुठल्या वेगाला नाहीसे होतात आणि त्या जागी कुठला रंग उरतो ते टिपून ठेवा. तो रंग पॅलेटवर आधी तयार करा, मगच ब्रश उचला.